सपनाची जाळी

आमची सून लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, या पोरीच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. खरंच सांगते. लग्नाच्या हॉलमध्ये ती सारखी खाली बघत होती. मी बायकांना कौतुकानं म्हणलं, बघा गं, किती लाजतेय. कसली लाजतेय! गाडीत बसल्याबरोबर माझ्या मुलाला, विशालला, म्हणते कशी, "त्या हॉलच्या फरशीत जाळीच नसणार. मधोमध चिरलीय." नवऱ्याशी पहिलं बोलणं काय, तर हे! कप्पाळ माझं.

मी सुंदराबाई पाईकराव. हिंगोलीकडची, पण आता सगळं आयुष्य घाटकोपरच्या या टेकडीवर गेलं. माझ्या नवऱ्याचं नाव भीमराज. पूर्वी मी नाव घेत नव्हते, आता दात पडायला आले, नावाची लाज कुठं धरत बसू? आम्ही दोघंही बांधकामावरचे. मी बिगारी, डोक्यावर घमेलं. तो फिटर, म्हणजे स्लॅबच्या सळया बांधणारा. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत किती इमारतींचं लोखंड त्याच्या हातचं आहे, ते त्यालाही सांगता येणार नाही. हातात तार पिळायचा हूक, कमरेला तारेचं बंडल, आणि तोंडात शिव्या. माणूस कष्टाळू, पण चूक कबूल करणं हे त्याच्या रक्तातच नाही. एकदा त्यानं स्वतःच चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तर कप खाली न ठेवता म्हणाला, "काहीजण असाच पितात." आणि प्यायला सगळा! अशा माणसाबरोबर मी संसार केलाय, म्हणजे बघा.

त्या घरात ही सपना आली. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका ठेकेदाराचं ऑफिस आहे, तिथं ती कामाला. स्लॅबचा नकाशा आला की त्यात लोखंडी जाळी किती लागेल, ते काढायचं. हेच तिचं काम. ही जाळी कारखान्यातनं जोडूनच येते, सळया एकेक बांधत बसावं लागत नाही. मी एकदा तिला म्हणलं, "अगं, यात काय एवढं? लांबी गुणिले रुंदी केली की झालं. आठवीतली पोरगी पण करेल."

ती हसली. म्हणाली, "आत्या, विहारात पौर्णिमेला चटया कशा अंथरता तुम्ही?"

आता चटया मीच अंथरते. एकीची कड दुसरीवर चढवते, नाहीतर लोक बसले की चटया सरकतात आणि मधली गार फरशी उघडी पडते.

"मग हॉलएवढ्याच मापाच्या चटया आणल्या तर पुरतील का?"

"कशा पुरतील? चढवण्यात जाईल की थोडी."

"जाळीचंही तेच. किती चढवायची, कुठं कापावी लागेल, कुठं खांब मध्ये येतो, किती वाया जाईल, ते सगळं आधी धरायचं. कमी धरलं तर काम अडतं. उगाच जास्त धरलं तर ते लोखंड गंजत पडतं."

त्या दिवशी मला पटलं. पण सुनेला लगेच कशाला सांगायचं? मी आपली "हूं" म्हणून भाकरी उलटली.

भीमराजला मात्र ते मुळीच पटत नव्हतं. जाळीला तो "रेडीमेड" म्हणायचा. जेवताना रोज वाद. "हातानं बांधलेल्या सळईची सर तुमच्या रेडीमेडला नाय. कारखान्याच्या मशीनला काय कळतंय, वर माणसं राहणारेत का म्हशी?" सपना शांतपणे घास गिळायची आणि म्हणायची, "मामा, जमिनीवरच्या फरशीला जाळी चांगली. काम लवकर होतं." आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामाच म्हणतात. मामा काही ऐकायचा नाही. पण एक गोष्ट मी बघितलीय, ती ऑफिसला निघाली की हा दारात जाऊन उभा राहायचा आणि गल्लीच्या वळणापर्यंत बघायचा. माझ्यासाठी कधी राहिला नाही उभा.

आता विहाराचं सांगते. आमचा बुद्धविहार टेकडीच्या उतारावर आहे. मागच्या भिंतीला टेकडी टेकलेली. पावसाळाभर वरचं पाणी तिथं मुरायचं, आणि त्या भिंतीलगतची फरशी दरवर्षी खचायची. वंदनेला मागे बसलेल्या म्हाताऱ्या एका अंगाला कललेल्या असायच्या. संध्याकाळी वस्तीतल्या मुली तिथं अभ्यासाला बसतात, घरात कुठे जागा आहे? त्यांच्या पाटांखाली विटांचे तुकडे लावावे लागायचे. दोनदा डागडुजी केली, दोनदा पुन्हा खचली. लोकांना त्याची सवयच झाली होती. मला याचाच जास्त राग येतो. पडक्याची सवय झाली की माणूस मेलाच म्हणायचा.

विहार समितीची बैठक बसली, तेव्हा सपना उठून उभी राहिली. आमच्याकडे बैठकीत सुना बोलत नाहीत असं नाही, पण चहा झाला का एवढंच बोलतात. ही म्हणाली, "वरवरचं काही नको. सगळी फरशी उकरून खाली दगड-मुरूम दाबू, त्यावर जाळी टाकून पाच इंचाचं काँक्रीट ओतू. आमच्या ऑफिसचे मालक काँक्रीट द्यायला तयार आहेत, पण त्यांची गाडी एकाच रविवारी मोकळी आहे. जाळी किती लागेल ते मी काढते."

समितीचे अध्यक्ष विद्याधर खरात. पोस्टातनं रिटायर झालेले, माणूस सरळ, पण शंकेखोर. ते म्हणाले, "बाळ, जाळी कमी पडली तर रविवारी दुकानं बंद, गाडी परत जाणार. मग हा खड्डा कोण भरणार? वंदना कुठं करायची, पोरींनी बसायचं कुठं? जबाबदारी कुणाची?"

"माझी," सपना म्हणाली.

मी मागे बसले होते. बोलून गेली पोरगी! एवढ्या माणसांत एकटी! चुकलं, तर ही वस्ती तिला पुन्हा कसलंही माप घेऊ देणार नाही, आणि आमच्या घराला येता-जाता टोमणे. चुकलं नाही तर? तर तो विचार करायला मी घाबरत होते, इतकं ते चांगलं होतं.

खोदाई झाली. सगळ्या वस्तीनं हात लावला. मुरूम दाबून झाला, जाळ्या आल्या. एकेक जाळी आठ फूट रुंद, अर्ध्या फुटाच्या चौकोनांची. सपनानं आखणी करून दिली होती. पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत पाच ओळी, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर एक चौकोन चढवायची. शनिवारी तिला ऑफिस होतं. म्हणून जाळ्या अंथरायचं काम भीमराजनं घेतलं. हो, रेडीमेडला शिव्या देणाऱ्या भीमराजनंच! "पोरं वाकडं करतील, मी बघतो," म्हणाला. पोराच्या लग्नात नव्हता एवढा खूश होता. चार ओळी त्यानं शनिवारी टाकल्या, तारेनं आवळल्या, जाळी मुरुमाला टेकू नये म्हणून खाली सिमेंटचे ठोकळे सरकवले. मी चहा घेऊन गेले तर गडी गुडघ्यावर बसून गाणं म्हणत होता. गुडघेदुखी कुठं पळाली होती कुणास ठाऊक.

रविवारी सकाळी विहाराच्या दारात सगळ्यांनी त्रिशरण पंचशील म्हणलं. मग पोरांनी पाचवी ओळ उचलून आणली, भीमराजनं दाखवलं तिथं चढवून खाली ठेवली.

आणि मागच्या भिंतीपाशी चार फुटांचा पट्टा उघडाच राहिला.

एक चौकोन, दोन चौकोन नाही हो. चार फूट! भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता मुरूम. आणि जाळी संपलेली. तीच ती भिंत, जिथं दरवर्षी खचतं. वाट लागली म्हणतात ना, ती अशी.

मग सगळे एकदम बोलायला लागले. "कमी पडली की." "तरी म्हणत होतो." "कॉम्प्युटरवर काढलं म्हणे." खरातसाहेब ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. ते फक्त म्हणाले, "सपना, हे कसं झालं गं?"

तेवढ्यात तिच्या ऑफिसचा सुपरवायझर राजेश घाडी आला. चारकोपला राहतो, मूळचा मालवणचा. गाडीचं सगळं त्याच्या हातात. त्यानं तो पट्टा बघितला आणि डोक्याला हात लावला. "अरे देवा! आता काय करूचा? सपना, काँक्रीट प्लांटवाला माझ्या फोनची वाट बघतोय. बारापर्यंत गाडी भरली नाही तर दुसऱ्या साइटवर जाणार. मग माझ्या हातात काय नाय."

कुणीतरी म्हणालं, "चार फुटांचं काय एवढं? तसंच ओता."

"नाही," सपना म्हणाली. "मागचं तसंच ओतलं तर मागचंच पहिलं तुटेल. मग हे सगळं कशाला केलं?"

"मग हिशोब नीट करायचा होता ना!" गर्दीतनं एक बाई म्हणाली. तिचं नाव सांगत नाही, अजून शेजारी राहते.

माझं डोकं फिरलं. मी पुढे सरकणार, तेवढ्यात सपना खाली बसली. जाळ्या जिथं एकमेकींवर चढल्या होत्या, तिथं तिनं बोट ठेवलं. एक. दोन. तीन. पुढच्या जोडापाशी गेली. एक, दोन, तीन. तिसऱ्या जोडावर तिचं बोट थांबलं. मला हिशोब येत नाही, पण चटया येतात. माझ्याही लक्षात आलं. एक चौकोन चढवायचा होता, आणि चढवले होते तीन! प्रत्येक जोडात दोन चौकोन जास्तीचे खाल्ले होते. चार जोड. तोच तो चार फुटांचा पट्टा.

हिशोब तिचा बरोबर होता. हात चुकले होते, आणि ते कुणाचे, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. फक्त कुणी खाली वाकून बघितलं नव्हतं.

मी सपनाकडे बघितलं. तिनं मान वर केली, तेव्हा तिची नजर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भीमराजकडे गेली. हातात हूक घेऊन उभा होता तो. कालपासून छाती काढून फिरणारा माणूस. आणि ही पोरगी उठली, ओढणीला हात पुसले आणि म्हणाली, "माप माझं आहे. काय करायचं ते मी बघते. मला थोडा वेळ द्या."

एवढंच! मामांचं नावही नाही घेतलं!

मला असा राग आला म्हणून सांगू. सुनेचा राग, नवऱ्याचा राग, त्या टोमणेवालीचा राग. मी तिच्याजवळ गेले आणि दात आवळून म्हणलं, "बोलत का नाहीस? सांग की सगळ्यांना! तू मुकी आहेस का?"

तिनं माझा हात धरला, घट्ट. "आत्या, इथं नको. त्यांचं काम आहे ते. काल आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या जागेचं काम केलंय त्यांनी."

"आणि तुझं नाव? ते मातीत जाऊ दे?"

तिचे डोळे भरले होते. "नाव मी पुन्हा कमवीन," म्हणाली. कुठून कमवणार होती? वस्तीत असं नाव पुन्हा मिळत नाही, मला माहीत आहे. तिलाही माहीत होतं.

मी तोंड उघडणारच होते. शपथेवर सांगते, सगळ्यांसमोर नवऱ्याची लाज काढणारच होते. पण भीमराज भिंतीपासून हलला. हळूहळू चालत जोडापाशी आला. गुडघ्यावर बसला. त्यानंही बोट ठेवलं. एक. दोन. तीन. मला वाटलं, आता हा म्हणणार, काहीजण तीनच चढवतात.

"खरातसाहेब," तो बसल्या बसल्याच म्हणाला. आवाज मोठा होता, मागच्यांनाही ऐकू जाईल असा. "पोरीचा हिशोब बरोबर आहे. मी चुकलो."

राजेश घाडीच्या हातातला फोन तसाच राहिला.

"तिनं एक चौकोन सांगितला होता. मी तीन चढवले. मुद्दाम चढवले." तो जाळीकडेच बघत बोलत होता. "साइटवर आयुष्यभर एकच ऐकलं. भीम्या, कमी चढव. भीम्या, एक सळई गाळ, कोण बघतंय. नाय ऐकलं तर दुसऱ्या दिवशी काम नाय. मी ऐकलं. पोरं होती घरात. काल म्हणलं, हे आपलं आहे, इथं कोण कमी चढव म्हणणार? मजबूत होऊ दे. म्हणून चढवत गेलो. पुरेल का, ते बघितलंच नाय."

एवढी वर्षं एका खोलीत राहिलो आम्ही, पण त्या सळयांचं त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. इमारती दाखवायचा नाही तो कधी. मी म्हणायचे, आहेच असा, कौतुक नाही कसलं. आता कळलं का दाखवत नव्हता.

सपना त्याच्याजवळ जाऊन बसली. "मामा, जास्त चढवून ताकद वाढत नाही. जिथं एकही नाही, तिथं फरशी फुटते. सगळीकडे सारखी पाहिजे." मग ती उठली आणि आवाज चढवून म्हणाली, "जाळी पुरेशी आहे. तारा सोडायच्या, आणि मागच्या ओळीपासून एकेक ओळ मागे सरकवायची. सगळ्यांनी हात लावला तर बारापर्यंत होतं. राजेश, प्लांटला सांग, गाडी भरू दे."

"नक्की?" राजेश म्हणाला.

"नक्की."

खरातसाहेबांनी स्वतःच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. पोस्टातनं रिटायर झाल्यापासून मी त्यांना बाह्या वर करताना बघितलं नव्हतं. "चला रे," म्हणाले, "बघत काय बसलाय?"

मग काय धांदल उडाली! पक्कडी आणल्या, तारा सुटल्या. दहा-दहा जणांनी जाळी उचलायची, "हां, हां, सरकव, बस!" खालचे ठोकळे पुन्हा लावायचे. मी पदर खोचला आणि घुसले. ती टोमणेवाली पण आली, माझ्याच शेजारी उभी राहून जाळी उचलत होती. मी तिला काही बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले, "हळू गं, हिशोब चुकेल." तेवढं चालतं.

आणि भीमराज हूक घेऊन प्रत्येक जोडापाशी बसायचा, तार गुंडाळायच्या आधी मान वर करायचा आणि सपनाला विचारायचा, "एक ना?"

"एक, मामा."

मग पिळायचा. पुढच्या जोडाला पुन्हा तेच. "एक ना?" म्हातारा विसरत नव्हता हो. विचारायचं होतं त्याला.

शेवटची ओळ मागच्या भिंतीपाशी जाऊन बसली, बोटभर जागा सोडून, अगदी तिनं आखली होती तशी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सपना मात्र भिंतीला पाठ लावून मटकन खाली बसली, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणलं, "रड आता खुशाल. आता तुला कोण बोलतंय ते मी बघते."

गाडी आली. गल्लीत शिरली नाही, खालूनच पाइप टाकून काँक्रीट वर आणलं. राजेश घाडी ओरडत होता, पोरं फावडी मारत होती, आणि संध्याकाळ व्हायच्या आत फरशी एकसारखी झाली. ओली, राखाडी, सपाट. मी कितीतरी स्लॅबांवर घमेली टाकलीत, पण ओतून झालं की मुकादम हाकलून द्यायचा, चला, पुढची साइट. या फरशीजवळ मी पहिल्यांदा उभी राहून बघत बसले. कुणी हाकलायला आलं नाही.

खरातसाहेब सपनाला म्हणाले, "बाळ, विहारापर्यंत येणाऱ्या पायऱ्या पण करायच्या आहेत. म्हातारी माणसं घसरतात. तू माप घेशील का?" सगळ्यांसमोर विचारलं. ती "घेते" म्हणाली आणि लगेच पायऱ्या बघायला निघाली, वेडी.

भीमराज दारातल्या दगडावर बसला होता. हात तारेनं सोलले होते. सपना पायऱ्यांवरून परत आली, तेव्हा त्याच्यासाठी चहा घेऊन आली आणि शेजारी टेकली. दोघं फरशीकडे बघत बसले. मी मागेच होते, त्यांना दिसत नव्हते.

"सपने," तो म्हणाला. "कमी टाक म्हणणारे मला आयुष्यभर भेटले. बरोबर टाक म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं."

तिनं त्याच्या हातातून हूक घेतला, बाजूला ठेवला, आणि त्याच्या सोललेल्या बोटांना हळद लावायला मला हाक मारली.